अंथरुणावरून मागितलेली नोकरी

म्हैस

भेटायला येणारा प्रत्येक जण आधी म्हशीची चौकशी करायचा. "म्हशीला काही लागलं नाही ना?"

नाही, तिला काही लागलं नाही. मी भाजी घेऊन स्कूटरवरून घरी येत होते. केलगेरीच्या तळ्याकडून ती एकटीच उधळत रस्त्यावर आली, मी ब्रेक दाबला, कडेच्या खडीवर चाक घसरलं आणि मी उजव्या अंगावर आपटले. म्हैस थांबली, तिनं माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि आल्या वाटेनं परत गेली. दुसऱ्या दिवशी तिचा मालक दवाखान्यात खरवस घेऊन आला आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून रडायला लागला. त्याची समजूत मलाच घालावी लागली.

मी वैजयंती. धारवाडला केलगेरीत राहते. माझे यजमान श्रीकांत हायस्कुलात गणित शिकवतात, मुलगी बेळगावला हॉस्टेलवर असते. मी आता चालते, काम करते, आणि बऱ्यापैकी भांडतेही. आमच्या ओळखीत कुणाचं हाड मोडलं की घरचे लोक मला फोन करतात. त्यांना वाटतं मी प्लास्टरबद्दल काही सांगेन. पण थोडं बोलणं झालं की फोन त्या आजारी माणसाच्या हातात जातो, आणि ते माणूस हळूच विचारतं, "तुम्ही नोकरीचं काय केलंत हो?"

हाडाचं काय करायचं ते डॉक्टर सांगतात. नोकरीचं काय करायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहिते.

"मी उचललं की"

खुबा फुटला होता. हुबळीच्या दवाखान्यात ऑपरेशन करून पट्टी आणि स्क्रू घालून तो बसवला. शुद्धीवर आल्यावर सगळे हसतमुख दिसले, तेव्हा वाटलं, चला, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर राउंडला आले. "ऑपरेशन छान झालंय. आता उजवं पाऊल जरा वर उचला बघू."

मी उचललं.

"उचला," ते परत म्हणाले.

"मी उचललं की," मी म्हटलं.

डॉक्टर माझ्या पावलाकडे बघत नव्हते, माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मग मी मान वर करून पाहिलं. पाऊल होतं तसंच खाली कललेलं होतं. माझ्या डोक्यात ते वर गेलं होतं आणि पलंगावर ते जागचं हललंसुद्धा नव्हतं. भीती म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. पडताना, रस्त्यावर, अँब्युलन्समध्ये नुसतं दुखत होतं.

पडताना शीर दुखावली होती. पायाला हुकूम देणारी शीर. डॉक्टरांनी साध्या भाषेत सांगितलं, की ती तुटलेली नाही, चेचली आहे. हळूहळू भरून येते, महिने लागतात, कधी वर्षही लागतं. पूर्ण येईल, अर्धी येईल, किंवा येणार नाही.

श्रीकांतनी विचारलं, "टक्के किती धरायचे, डॉक्टर?"

"मास्तर," डॉक्टर म्हणाले, "याला टक्के नसतात."

ते गेल्यावर श्रीकांत खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ खालच्या स्कूटरच्या रांगा बघत होते. मी त्यांना हाक मारली नाही. मला माझंच रडू आवरायचं होतं.

वॉर्ड

दवाखान्याचा दिवस पहाटे फरशी पुसणाऱ्या फिनेलच्या वासानं सुरू होतो. मग चहा, मग टेंपरेचर, मग अंग पुसणं, मग राउंड, आणि त्यानंतर दुपार. दुपार काही केल्या संपत नाही. पंख्याच्या पात्यावर बसलेली धूळ मी इतकी निरखली की डोळे मिटले तरी ती दिसायची.

शेजारच्या पलंगावर कलघटगीच्या गंगव्वा होत्या. त्यांचाही खुबा. भाषा कन्नड, आवाज खणखणीत. त्यांच्या घरून रोज ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी यायची आणि त्यातली अर्धी त्या माझ्या ताटात टाकायला लावायच्या. "दवाखान्याची इडली खाऊन हाड जुळतं होय?" असं म्हणून त्या सिस्टरांनाही एक भाकरी द्यायच्या. त्यांनी मला एकदाही "देव बघतोय" वगैरे सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

फिजिओथेरपिस्ट होती नेत्रा. माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. रोज दोनदा येऊन ती माझं पाऊल तळहातावर घ्यायची आणि म्हणायची, "बेरळ अल्लाडस्री." म्हणजे, बोटं हलवा. बोटं हलत नसत. ती तरीही, "छान, परत," म्हणायची.

"काय छान?" मी एकदा चिडून विचारलं.

"तुम्ही हुकूम देताय ते छान," ती म्हणाली. "पोचला की नाही ते नंतर बघू. देणं थांबवू नका."

घरी

घरी आणलं तेव्हा पुढच्या खोलीत माझ्यासाठी पलंग टाकला होता. मोठ्या नणंदबाई, सुमनअक्का, अळणावरहून सामानसुमान घेऊन आल्या होत्या. अक्का साठीच्या, विधवा, अंगानं दणकट. बेडपॅन देणं, न्हाऊ घालणं, कूस बदलणं, सगळं त्या न लाजता, न कुरकुरता करायच्या. सुरुवातीला मीच लाजेनं मरायची.

"अक्का, तुम्ही हे करायचं म्हणजे..."

"गप पड की. श्रीकांतचं सगळं मीच काढलंय लहानपणी. तुझं काय वेगळं आहे होय?"

अक्कांचं प्रेम खरं होतं, आणि त्या प्रेमाचा भार पण खरा होता. माझ्यावतीनं त्या सगळं ठरवायच्या. मला झोप आलीय, मला भूक लागलीय, मला पाहुण्यांशी बोलायचं नाही. आल्यागेल्याला सांगायच्या, "आता ती नाही हो काही करत. केलं तेवढं बास झालं. आता नुसता आराम."

मी ते ऐकायची. पहिले काही दिवस बरं वाटलं. पण मग जेव्हा जेव्हा त्या "बास झालं" म्हणायच्या, तेव्हा मला दवाखान्यातली ती सकाळ आठवायची. हुकूम दिलेला आणि पाऊल जागचं न हललेलं.

त्यातच नोकरी गेली. अपघाताच्या काही महिने आधीच मी एका शीतगृहाच्या कंपनीत व्यवस्थापक म्हणून लागले होते. अजून कायम झाले नव्हते. तिथल्या एका बाईंनी अतिशय गोड आवाजात फोन करून माझी तब्येत विचारली, लवकर बरं वाटावं म्हणून शुभेच्छा दिल्या, आणि त्याच दमात सांगितलं, की माझ्या जागी दुसरी व्यवस्था केली आहे. मी "थँक यू" म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी कशाबद्दल थँक यू म्हटलं ते मला माहीत नाही.

अण्णा

त्याआधी दहा-बारा वर्षं मी हुबळीत वीरण्णांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात होते. कुठला माल कुठल्या लॉरीत चढतोय, लॉरी कुठं पोचली, कुठं अडली, व्यापाऱ्याला काय सांगायचं, ड्रायव्हरला काय सांगायचं, हे माझं काम. कन्नड, मराठी, हिंदी आणि कामापुरती तेलुगू, अशा चार भाषांत दिवसभर फोनवर बोलणं. सुरुवातीला लॉरीच्या धंद्यात बाई बघून लोक हसले. नंतर व्यापारी फोन करून थेट मलाच मागायला लागले.

वीरण्णांना सगळा बाजार अण्णा म्हणतो, मी पण. कडक माणूस, कपाळावर विभूती, बोलणं तोडून टाकल्यासारखं. शीतगृहाची मोठी जागा चालून आली तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं, महिनाभर आधी सांगितलं, माझ्या जागी आलेल्या माणसाला शिकवून निघाले. तरी त्यांना लागलं. शेवटच्या दिवशी ते ऑफिसात आलेच नाहीत. मी दवाखान्यात असतानाही त्यांचा फोन आला नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत होतं.

नोकरी गेल्यावर मी बरेच दिवस छत बघत विचार केला. मला काय येत नाही ते उघड होतं. उभं राहता येत नाही, जिना चढता येत नाही, एका जागी फार वेळ बसवत नाही. मग जे येतं ते मोजायला घेतलं. आवाज शाबूत. डोकं शाबूत. चार भाषा शाबूत. हुबळीपासून हैदराबादपर्यंत कुठल्या नाक्यावर लॉऱ्या अडतात ते पाठ. यातल्या एकाही गोष्टीला पाऊल लागत नव्हतं.

सकाळी अक्का देवपूजेला बसल्या तेव्हा मी अण्णांना फोन लावला.

फोन

"कोण?"

"अण्णा, मी वैजयंती."

अण्णा म्हणाले, "बोला बाई. कशा आहात?"

आमचं बोलणं नेहमी कन्नडमध्ये. आणि ते मला कायम 'तू' म्हणत आलेले. हे 'आहात' माझ्या कानाला खडा लागावा तसं लागलं.

मी पायाचं थोडक्यात सांगितलं. मग म्हटलं, "अण्णा, मला काम पाहिजे. घरून करता येईल असं. पूर्वीचंच, फोनवरचं."

"काम?" त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "तुमच्या यजमानांनी तर सांगितलं, की तुम्ही आता नोकरी करणार नाही म्हणून."

"कधी सांगितलं?"

"तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. मी फोन केला होता. तुम्ही झोपला होतात. मी म्हटलं, बरी झाली की परत येईल का विचारा. ते म्हणाले, आता नाही, आता ती घरीच राहील. मग मी परत कशाला फोन करू? माणसाला त्रास कशाला?"

"अण्णा, मी परत फोन करते," एवढंच मी म्हटलं.

आमचं भांडण

श्रीकांत शाळेतून आले, हातपाय धुतले, चहा घेतला. मी थांबले. चहा होईपर्यंत थांबायची सवय आहे मला.

"अण्णांचा फोन आला होता दवाखान्यात?"

त्यांनी कप खाली ठेवला. "हो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला त्या वेळी कसली शुद्ध होती?"

"नंतर होती. इतके दिवस आहे."

अक्का आतून म्हणाल्या, "अगं, तुझ्या भल्यासाठीच सांगितलं त्यानं. रोज तो धारवाड-हुबळी प्रवास..."

"अक्का," मी म्हटलं, "तुम्ही माझं सगळं केलंत आणि ते मी विसरणार नाही. पण हे माझं आणि यांचं आहे."

आत भांड्यांचा आवाज थांबला. मी अक्कांना असं कधी बोलले नव्हते. श्रीकांत उठून पलंगाजवळच्या खुर्चीत येऊन बसले.

"मी आलो तेव्हा तू रस्त्यावर होतीस, वैजू," ते म्हणाले. "कोथिंबीर सगळीकडे पसरली होती आणि लोक तुला उचलू की नको म्हणून उभे होते. तुझा पाय जसा वळला होता तो अजून दिसतो मला. अण्णांचा फोन आला तेव्हा मी फक्त एवढाच विचार केला, की तू परत रस्त्यावर जायची नाहीस. एक काळजी तरी संपेल."

"तुमची काळजी संपली. माझं काय संपलं ते बघितलंत का?"

ते माझ्या पायावरची चादर सारखी करायला लागले.

"माझं पाऊल हलत नाही," मी म्हटलं. "ते कदाचित कधीच हलणार नाही. ते माझ्या हातात नाही. पण मी काम करायचं की नाही, हे माझ्या हातात होतं. तेवढं एकच होतं. तेही तुम्ही माझ्या झोपेत देऊन टाकलंत."

त्या संध्याकाळी आम्ही खाली मान घालून जेवलो. अक्कांनी भात वाढताना डोळे पुसले. मला अपराधी वाटलं आणि तरीही मी शब्द मागे घेतले नाहीत. आजारी माणसानं सगळ्यांचं मन राखावं अशी अपेक्षा असते. काही दिवस मी ते राखलं. पण मन राखता राखता माणूस स्वतः नाहीसा होत जातो, हे मी अंथरुणावरच शिकले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर श्रीकांत जरा उशिरा आले. बरोबर एक टेबल होतं, पलंगावरून आडवं सरकणारं, दवाखान्यात जेवायला असतं तसं. त्यांनी ते माझ्यासमोर लावलं, उंची दोनदा कमीजास्त केली, आणि म्हणाले, "मी अण्णांना फोन केला. म्हटलं, मी चुकीचं सांगितलं होतं, तिला विचारलं नव्हतं. ते रविवारी येतायत. पुढचं तू बोल. मी मध्ये पडणार नाही."

लॉरी लाइन

रविवारी अण्णा धारवाडी पेढ्यांचा पुडा घेऊन आले. धारवाडातच राहणाऱ्या माणसाला पेढे आणलेत म्हणून अक्का आत हसल्या. अण्णांनी पलंगाकडे पाहिलं, माझ्या पायाला लावलेल्या पट्ट्याकडे पाहिलं, आणि खुर्चीत बसता बसता नजर दुसरीकडे वळवली. दया येते तेव्हा लोक असं करतात. मी ठरवलं होतं की आधी ती दया खोलीतून घालवायची.

"अण्णा, मी मदत मागायला बोलावलं नाही. एक व्यवहार सांगते, पटला तर बघा. माझ्या जागी आलेला माणूस टिकला नाही हे बाजारातून कळलंय मला. व्यापारी ओरडतायत, गाडी कुठं आहे ते कुणी सांगत नाही म्हणून. खरं की नाही?"

अण्णा हं म्हणाले.

"ते काम मला द्या. सकाळचं फक्त. दुपारनंतर मला बसवत नाही. अर्धा दिवस काम, अर्धा पगार. दोन आठवडे बघा. नाही जमलं तर मीच सांगेन, तुम्हाला सांगायची वेळ येणार नाही."

"बाई, ही लॉरी लाइन आहे. बेंगळूरची कंप्युटर कंपनी नव्हे. घरी बसून कुठं लॉऱ्या चालतात?"

"तुमच्या ऑफिसात बसून तरी कुठं चालतात? त्या रस्त्यावर चालतात. मी तिथं दहा वर्षं खुर्चीत बसून फोनच केले. फोन हुबळीच्या खुर्चीतून केला काय आणि केलगेरीच्या पलंगावरून केला काय, पलीकडच्याला काय दिसतंय?"

"ड्रायव्हर ऐकणार नाहीत."

"एकाला लावा. कुणालाही."

अण्णांनी खिशातून फोन काढला. ते विजापूरच्या एका जुन्या ड्रायव्हरला लावत होते, दस्तगीरला, हे मला नंबर शोधताना त्यांच्या तोंडून कळलं. तो महाबिलंदर. अण्णांनाही दाद न देणारा. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि माझ्यापुढे धरला.

"दस्तगीर, वैजयंती बोलतेय. कुठं आहेस?"

"अक्का!" पलीकडून एवढ्या जोरात आवाज आला की सुमनअक्कांनी आतून डोकावलं. ड्रायव्हर मलाही अक्काच म्हणतात. मग तो हिंदीत सुरू झाला. "आप जिंदा हो? यहाँ तो लोग क्या क्या बोले! मैं सोलापुर के आगे, ढाबे पे. ऑफिस से कल से फोन नहीं. माल उतारने को किधर जाना, कौन बोलेगा?"

"चहा पिऊन झाला की निघ," मी त्याला हिंदीतच सांगितलं. "पत्ता आत्ता पाठवते. आणि पोचलास की मला फोन, ऑफिसला नाही."

"जी अक्का."

अण्णांनी फोन बंद केला. मग तो उलटापालटा करून बघितला, जणू त्यात काही बिघाड असावा.

"पत्ता तर तुम्हाला द्यावा लागेल," मी म्हटलं.

"आयतु," अण्णा म्हणाले. म्हणजे ठीक आहे. "दोन आठवडे."

घसरण

सगळं लगेच सुरळीत झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. ऑफिसातला क्लार्क प्रकाश मला कुठलीच खबर वेळेवर देईना. मी घरी बसून हुकूम सोडणार आणि तो तिथं धावणार, असं त्याला वाटत होतं. त्याच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. मी त्याला रोज सकाळी पहिला फोन करायला लागले, कामाचा नाही, नुसता. "प्रकाश, आज तिकडं काय चाललंय?" त्याच्या तक्रारी ऐकल्या. ज्या व्यापाऱ्यांचा आरडाओरडा त्याला नको होता, ते सगळे मी माझ्याकडे घेतले. आठवडाभरात तोच मला आधी फोन करायला लागला.

दुसरं संकट गोळ्यांचं. दुखण्याची गोळी घेतली की डोळ्यावर झापड यायची. एकदा बेडगीच्या मिरचीच्या व्यापाऱ्याशी बोलता बोलता मला चक्क डुलकी लागली. जाग आली तर तो फोनवर "हॅलो, हॅलो, बाई?" करतोय. मी त्याला खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "मग झोपा की, माझी मिरची काय पळून जाते?" मी लगेच अण्णांनाही सांगितलं, दुसऱ्याकडून कळायच्या आत. डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ पुढे ढकलली. सकाळ दुखायची, पण डोकं स्वच्छ राहायचं. मला तो सौदा मान्य होता.

आणि अक्का. मी काम करताना त्या सुरुवातीला फुगून बसायच्या. मग त्यांच्या कानावर बोलणी पडायला लागली. कोण ड्रायव्हर खोटं बोलतो, कोणाची बायको बाळंत झालीय, कुठला व्यापारी उगाच घाई करतो. एक दिवस मी फोन ठेवला तर म्हणाल्या, "तो दावणगेरेचा परत टायर फुटलं म्हणाला ना? गेल्या खेपेला पण तेच म्हणाला होता. विचार त्याला, किती टायर आहेत लॉरीला?" मी विचारलं. तो कबूल झाला की सासुरवाडीला थांबला होता. त्या दिवसापासून अक्का सकाळी देवपूजा लवकर उरकायला लागल्या.

पाणी

दोन आठवडे उलटून गेले, ते अण्णांनी बोलून दाखवलं नाही आणि मीही नाही. मग एक दिवस हुबळीत असा पाऊस झाला की ऑफिसाच्या गल्लीत गुडघाभर पाणी भरलं. वीज गेली. प्रकाशला घराबाहेर पडता येईना. अण्णा विद्यानगरला आपल्या घरी अडकले, आणि गोव्याकडे उतरणाऱ्या घाटात दरड कोसळल्यामुळे आमच्या बऱ्याच लॉऱ्या मध्येच उभ्या होत्या.

अण्णांचा फोन आला. "वैजयंती, काय करायचं गं? मला इथून काहीच कळत नाही. तू बघ."

ते 'बाई' आणि 'तुम्ही' कुठं गेलं ते त्यांच्याही लक्षात आलं नसेल. माझ्या आलं.

"अण्णा, तुमच्याकडे चार्जिंग आहे?"

"आहे."

"मग व्यापाऱ्यांना तुम्ही सांगा, माल सुरक्षित आहे, उशीर होईल एवढंच. तुमचा शब्द ते मानतील. ड्रायव्हर मी बघते. कुणाकुणाला परत फिरवायचं ते दर तासाला बोलू."

आम्ही दिवसभर तसं केलं. मी पलंगावर, अण्णा त्यांच्या झोपाळ्यावर. दुपारी झोपायचं ते मी त्या दिवशी झोपले नाही. सगळ्या लॉऱ्या सुखरूप मार्गाला लागल्या. संध्याकाळी शेवटच्या फोनवर अण्णा म्हणाले, "घरी बसून काम करायचं म्हणजे ऑफिसपेक्षा जास्त दमायला होतं की गं. बायको मध्येच येऊन विचारते, भाजी कुठली करू."

मी इतकी हसले की टाक्यांची जागा ओढली गेली.

अंगठा

पाऊल अजून तसंच होतं. नेत्रा आता घरी यायची. महिने गेले. कधी पोटरीत मुंग्या यायच्या, कधी तळव्यात चटका बसल्यासारखं व्हायचं. "चांगलं आहे," नेत्रा म्हणायची. मी आशा धरायची आणि मग आशा धरल्याबद्दल स्वतःवर चिडायची. त्या काळात काम नसतं तर मी दिवसभर त्या पावलाकडेच बघत बसले असते. काम होतं, म्हणून सकाळभर मी त्याला विसरायची. हे फार मोठं औषध होतं.

एका सकाळी मी कापसाच्या एका व्यापाऱ्याशी वाद घालत होते. तो माझ्यावर खेकसत होता, मी त्याच्यावर. आणि पायाशी बसून माझ्या पोटरीला तेल लावणाऱ्या अक्का एकदम थांबल्या.

"वैजू."

मी हातानंच 'थांबा' म्हटलं.

"वैजू, अंगठा!"

मी पाहिलं. अंगठा किंचित वर आला, आणि खाली गेला. मी व्यापाऱ्याला म्हटलं, "एक मिनिट हं, साहेब." मग मनात म्हटलं, वर. तो वर आला. अगदी थोडा, भाताचं शीत मावेल एवढा. पण मी सांगितलं म्हणून आला.

अक्का माझं पाऊल दोन्ही हातांनी छातीशी धरून हमसून रडायला लागल्या. फोनमधून तो माणूस "हॅलो? बाई? काय झालं?" करत होता. मी त्याला सांगितलं, माझा अंगठा हलला. तो म्हणाला, "मग आज राहू दे बाई. भांडण उद्या करू."

जे सांगायचं ते

पाऊल पूर्ण आलं नाही. बरंच आलं. बुटात एक पातळ पट्टा घालावा लागतो, आणि हातात काठी. घरातल्या घरात काठीही लागत नाही. स्कूटर मी विकून टाकली. श्रीकांत अजूनही माझ्याबद्दलचा कुठलाही निरोप घेताना फोनवर म्हणतात, "थांबा, तिला विचारतो," आणि माझ्याकडे बघतात. अक्का अळणावरला परत गेल्या, पण दावणगेरेच्या ड्रायव्हरची खबर फोन करून विचारतात.

तुम्ही अंथरुणावरून हे वाचत असाल तर एवढंच सांगते. जुन्या मालकाकडे जायला लाज वाटते, मलाही वाटली. पण तुम्ही तिथं जे काम केलंत ते त्यांना माहीत असतं. नव्या माणसाला ते सिद्ध करावं लागेल, तुम्हाला नाही. मागताना दुखणं थोडक्यात सांगा आणि काम सविस्तर सांगा. किती वेळ जमेल ते खरं सांगा, थोडं कमीच सांगा. आणि मागायच्या आधी घरात बघून घ्या, तुमच्यावतीनं कुणी काही उत्तर देऊन ठेवलंय का.

काठी घेऊन जिने चढता यायला लागले तेव्हा मी बसनं हुबळीला गेले, ऑफिसात. प्रकाशनं खाली येऊन माझी पिशवी घेतली. माझी जुनी खुर्ची पुसून ठेवली होती. अण्णा गादीवर बसले होते. त्यांनी मला पायऱ्या चढून आत येताना डोळे भरून पाहिलं आणि लगेच नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बरी झालीस. आता उद्यापासून ये. पूर्ण दिवस, पूर्ण पगार."

"अण्णा, पूर्ण दिवस काम करते. पण मंगळवारी आणि शुक्रवारी इथं येईन, बाकी दिवस घरून."

"का? पाय तर बरा झालाय."

"म्हणूनच मागते. तेव्हा दुसरा इलाज नव्हता म्हणून मागितलं होतं. आता काम असं चांगलं होतं म्हणून मागते. तुम्ही बघितलंय."

अण्णांनी कपाळावरची विभूती बोटानं पुसली. प्रकाश फाइलमध्ये डोकं घालून कान देऊन ऐकत होता. खाली कुठल्या तरी लॉरीनं लांबलचक हॉर्न वाजवला.

"मंगळवार नको," ते म्हणाले. "मंगळवारी गाड्या कमी असतात. सोमवारी ये."